घाटघरची टिपणे

नाणेघाटातल्या लेण्यात एका भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे आता गेले, त्यांच्या वरची ब्राह्मीतली नावे उरली. राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार. आणि या घरच्या माणसांच्या रांगेत महारठी त्रणकयिर. महारठी म्हणजे मुलूख सांभाळणारा आणि वेळ आली की सैन्य घेऊन उभा राहणारा सरदार. तो नागनिकेचा पिता असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे रांगेतले स्थान. दोन हजार वर्षांपूर्वी, जुन्नर तालुक्यातल्या घाटघरपासून हाकेच्या अंतरावर, कारभार आणि शस्त्र एकाच माणसाच्या हाती होते आणि त्या माणसाला राजघराण्याशेजारी जागा होती.

०

राजूरचा जावजी बांबळे. महादेव कोळ्यांचा नाईक, अठराव्या शतकातला. पेशव्यांच्या कारभाऱ्यांशी त्याचे बिनसले, तो डोंगरात शिरला आणि त्याने किल्ले घेतले. त्याला पकडणे जमेना. शेवटी तुकोजी होळकरांनी मध्यस्थी केली, त्याला माफी मिळाली आणि राजूरकडची साठ गावे बंदोबस्तासाठी त्याच्याच हवाली झाली. १७८९ मध्ये आपल्याच एका माणसाच्या हातून झालेल्या जखमेने तो गेला. पुण्याहून या डोंगरावर हुकूम चालत नाही, इथला माणूसच इथला कारभार करू शकतो, हे पेशवाईने नाइलाजाने का होईना, कबूल केले होते.

पुढे इंग्रजांनीही तेच केले, फक्त अर्धे. १८५७ मध्ये कॅप्टन नटॉलने महादेव कोळ्यांची पलटण उभी केली. बंडाच्या धास्तीचे दिवस होते आणि या डोंगरवाटा जाणणारी माणसे सरकारला हवी होती. १८६१ मध्ये पलटण मोडली, बहुतेक शिपाई परत नांगराकडे गेले. शिपाईगिरी घेतली, कारभारात वाटा मात्र दिला नाही.

०

घाट उतरला की मुरबाड तालुका. याच रांगेत दक्षिणेला, आंबेगावच्या आहुप्याच्या खालच्या अंगाला सिद्धगड. तिथे २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्याबरोबर हिराजी पाटील. कोतवालांचे वय तीस.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२, न्हावी समाजातल्या गरीब घरात. वकिलीचे शिक्षण घेतले. माथेरानच्या नगरपालिकेत गेले, उपाध्यक्ष झाले. त्यांनी १९४२ च्या लढ्यात उभारलेला भूमिगत गट, 'आझाद दस्ता', सगळ्यांना ठाऊक असतो, हे उपाध्यक्षपद फार थोड्यांना. पण माझ्या मते दस्त्याचे मूळ त्या आधीच्या कामात आहे. कर्जतकडच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात पोटासाठी सावकाराकडे जावे लागे आणि सुगीत दामदुपटीने भात मोजून द्यावे लागे. कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यापाड्यांत शाळा सुरू केल्या. गावोगाव माणसे ओळखीची झाली ती या कामातून. १९४२ च्या पावसाळ्यानंतर हाच माणूस भूमिगत झाला, तेव्हा त्याला रात्री भाकरी देणारी घरे होती ती कोठीचे धान्य खाल्लेली.

दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडायला सुरुवात केली. कारखाने अडले, रेल्वे अडली. माणसे मारण्याचा हा मार्ग नव्हता. सरकारची ताकद कुठून वाहत जाते, हे नेमके हेरून तिथे घाव घातला होता. नगरपालिकेत बसून पाणी, दिवे, रस्ते यांचा हिशेब केलेल्या माणसाला हे सुचावे, यात मला नवल वाटत नाही.

कोतवाल जगले असते तर विधानसभेत गेले असते का? जायला हवे होते, एवढे मी ठामपणे म्हणेन. नगरपालिका, सशस्त्र लढा, सभागृह: या वाटेचे पहिले दोन टप्पे त्यांनी तिशीत पुरे केले होते.

०

तिसऱ्या टप्प्यावर पोचलेला माणूस कृष्णेच्या काठी सापडतो. नागनाथ रामचंद्र नायकवडी, वाळव्याचे नागनाथअण्णा. जन्म १५ जुलै १९२२.

नागनाथअण्णा सातारच्या प्रतिसरकारातले. या भूमिगत सरकारकडे बहुतेक लोक बंदुका आणि खजिन्याच्या लुटी म्हणूनच पाहतात. ते गावांचे राज्य होते, हे मागे पडते. न्यायदान मंडळे बसत, बांधाचे तंटे तिथे मिटत. दारूबंदी होती, सावकारीला आळा होता, बिनखर्चाची लग्ने लागत. स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायतीकडून जे अपेक्षिले गेले, त्यातले बरेचसे या मंडळींनी इंग्रज असतानाच करून पाहिले होते. शस्त्राची बाजू तुफान सेनेकडे होती. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांना तिचे फील्ड मार्शल म्हणत. पुढे तेही विधिमंडळात गेले.

नागनाथअण्णा पकडले गेले आणि १० सप्टेंबर १९४४ ला सातारच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. २५ फेब्रुवारी १९४५ ला मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी चकमक झाली. त्यात किसन अहिर आणि नानकसिंग गेले, अण्णा वाचले.

१९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ते वाळव्याचे आमदार झाले. १९८५ मध्ये पुन्हा. मधला काळ लांब आहे आणि मला तोच जास्त बोलका वाटतो. या काळात ते गावाबाहेर फेकले गेले नाहीत. वसतिगृहे, शाळा, शेतकऱ्यांचे काम चालू राहिले. वाळव्याच्या साखर कारखान्याला त्यांनी नाव दिले हुतात्मा किसन अहिरांचे. चाळीस वर्षांपूर्वी शेजारी पडलेला सोबती उसाच्या प्रत्येक पावतीवर आला. नव्वदीच्या दशकात त्यांनी आटपाडीची पाणी परिषद उभी केली. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी हवे, ही मागणी बागायती गावातल्या माणसाने लावून धरली. धरणग्रस्तांच्या मोर्च्यांत ते उतारवयातही चालले. २२ मार्च २०१२ ला गेले.

आमदारकी हा त्यांच्या आयुष्याचा एक तुकडा होता, शिखर नव्हते. लष्करी शिस्तीतून किंवा गावकारभारातून आलेल्या आमदाराचे खरे मोल मला इथे दिसते. खुर्ची गेली तरी त्याच्याकडे काम उरते.

०

जुन्नरच्या शेजारी पारनेर तालुका. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९६३ मध्ये लष्करात गेले, ट्रकचालक झाले, १९६५ च्या युद्धात खेमकरणला वाचले, १९७५ मध्ये गावी परतले. निवडणूक त्यांनी कधीच लढवली नाही. ती त्यांची निवड होती. पण सगळ्याच चांगल्या निवृत्त जवानांनी ती केली, तर सभागृह कोणाच्या हाती राहील?

०

प्रजासत्ताकाने शस्त्र आणि कारभार वेगळे केले, आणि ते योग्यच केले. सेवेतला जवान राजकीय पक्षात जाऊ शकत नाही. सरकारी लाभाचे पद असताना आमदार होता येत नाही. त्याला टपालाने मत देता येते, एवढाच त्याचा राजकारणाशी संबंध. पण साधा जवान चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होऊन गावी येतो. हाताशी निवृत्तिवेतन, अंगात शिस्त, देशभरची माणसे पाहिलेली. ग्रामपंचायतीची वाट त्याला खुली असते. त्यापुढची वाट मात्र पक्ष, पैसा आणि घराणे यांच्या दाराशी येऊन थांबते.

०

जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामपंचायतीचे सरपंचपद आदिवासीकडेच राहते आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आहे. इथे गौण वनोपज म्हणजे मुख्यतः हिरडा. भात आणि नाचणीने पोट भरते, रोख पैसा हिरड्यातून येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले. आंब्याची, नारळाची भरपाई समजणाऱ्या यंत्रणेला हिरड्याची भरपाई समजावून सांगायला आदिवासींना आंदोलने करावी लागली. झाडावर चढून हिरडा झोडपलेला माणूस विधानसभेत असता तर पहिल्याच अधिवेशनात तो प्रश्न उभा राहिला असता.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ खुले आहेत. सरपंचपद राखीव, आमदारकी खुली. पूर्वेकडे ऊस, द्राक्षे, कांदा आणि मोठी लोकसंख्या. पश्चिमेला डोंगर आणि विरळ वाड्या. मतांच्या गणितात घाटघर कुठे बसते, हे वेगळे सांगायला नको.

०

विधान परिषदेची वाट उरते. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने परिषदेतला जवळपास तिसरा हिस्सा स्थानिक स्वराज्य संस्थांना दिला. महाराष्ट्रात परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ त्यांच्या. गावचा कारभार केलेल्या माणसाला सभागृहात आणण्याची सोय घटनाकारांनी अगदी उघड करून ठेवलेली होती. पण मतदार कोण? नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती. छावणी मंडळांच्या सदस्यांनाही मत आहे. पुणे जिल्ह्यात पुणे, खडकी आणि देहूरोड अशा तीन छावण्या आहेत आणि तिथल्या मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो. घाटघरच्या ग्रामपंचायत सदस्याला मात्र या निवडणुकीत मत नाही.

कर्नाटकात आहे. बेळगाव जिल्ह्यातला मराठी बोलणारा ग्रामपंचायत सदस्य विधान परिषदेसाठी मतदान करतो. कोणत्या संस्थांना मत द्यायचे, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लिहिलेले आहे आणि ती अनुसूची संसदेला बदलता येते. मागणी महाराष्ट्रातून व्हायला हवी. ती पहिल्यांदा एखाद्या पेसा ग्रामसभेच्या ठरावातून झाली, तर मला अधिक आनंद होईल.