आठ तुकड्यांचा ट्रॅक

लातूर पॅटर्न म्हणजे सराव, हे महाराष्ट्राला सांगावं लागत नाही. बारावीच्या मुलांपुढे सराव प्रश्नपत्रिकांचा ढीग असतो. रोबो-स्पर्धेला आलेल्या सातवीच्या मुलीला मात्र ट्रॅकचं पहिलं दर्शन होतं ते ऐन स्पर्धेच्या दिवशी. अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 मध्ये आली. निवड झालेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान, त्यातून मोटारी, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर. लॅब नसलेल्या शाळांतली पोरंही सुटे भाग मागवून काळ्या पट्टीवरून आपोआप पळणारी गाडी जोडतात. पण पळवायची कुठे? शहाबादी फरशीवर?

म्हणून नांदेड-लातूरकडच्या स्पर्धांसाठी ट्रॅक आखताना मी एकच कसोटी लावतो: किनवटच्या किंवा निलंग्याच्या शिक्षकांना तो आपल्या शाळेत हुबेहूब करता आला पाहिजे.

छापील फ्लेक्स या कसोटीला उतरत नाही. गुंडाळला की वळ्या पडतात, दिव्याखाली चकाकतो. शिवाय काळ्या रंगाची गोम आहेच. टीसीआरटी 5000 हा स्वस्त सेन्सर सुमारे 950 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतो आणि किती परत येतो ते पाहतो. तीन रंग मिसळून छापलेला काळा आपल्या डोळ्यांना गडद दिसला, तरी हा प्रकाश त्यातून आरपार जातो आणि खालच्या पांढऱ्यावरून परततो. मग गाडीला पट्टी दिसतच नाही. अशा वेळी वायरमनची दहा-वीस रुपयांची काळी टेप बरी. ती ताणली जाते, त्यामुळे वळणावर सुरकुतत नाही.

पांढऱ्या सनबोर्डाचं 8 बाय 4 फुटांचं एक शीट घ्यावं आणि 2 बाय 2 चे आठ तुकडे कापावेत. चार तुकड्यांवर मधोमध सरळ पट्टी. उरलेल्या चारांवर वळण: कोपऱ्यात खिळा, त्याला एक फूट सुतळी, टोकाला पेन्सिल. पाव वर्तुळ बरोबर दोन बाजूंच्या मध्यावर निघतं. त्यावर टेप चिकटवली की झालं. प्रत्येक पट्टी बाजूच्या मध्यालाच येत असल्याने कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जुळतो. मधली जागा मोकळी सोडून तीन बाय तीन मांडले की सव्वाचौदा फुटांची बंद फेरी होते; चार बाय दोन मांडले की लांबट फेरी, लांबी तीच. रोबोकप ज्युनिअरच्या रेस्क्यू लाइनमध्येही 30 सेंटीमीटरच्या फरश्या अशाच फिरवून मांडतात.

दुसरं शीट मिळालं तर त्यात फुली, तुटकी पट्टी, उलटसुलट वळणं घ्यावीत. तुकडे महिनाभर आधी जाहीर करावेत आणि मांडणी मात्र सकाळी चिठ्ठी टाकून ठरवावी. म्हणजे सराव होतो, पण रस्ता पाठ करून गाडी पळवता येत नाही.

उन्हाचंही भान हवं. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तिरीप आत आली की सकाळी नीट पळणारी गाडी भरकटते. ट्रॅक सावलीत मांडावा, सेन्सरभोवती पुठ्ठ्याची झालर लावू द्यावी आणि प्रत्येक फेरीआधी सेन्सरच्या जुळणीला वेळ द्यावा. हे तिन्ही फुकटात होतं.

आयोजकांना मी दरवेळी एकच सुचवतो. कमान लहान करा, ट्रॉफीची उंची कमी करा आणि नोंदणी केलेल्या प्रत्येक शाळेला महिनाभर आधी हा संच पाठवा. आठ तुकडे सुतळीने बांधले की एसटीतून सहज जातात.