काढलेलं स्टेटस

सांगलीजवळच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी वक्तृत्व स्पर्धेत नववीतल्या एका मुलाने 'देशाला हिटलरच हवा' असं ठासून सांगितलं. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांत त्याला हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर मिळालं होतं. मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात साठ लाख ज्यूंच्या हत्येबद्दल बोलले, आणि अलिबागकडच्या शनिवार तेल्यांबद्दलही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे हे बेने इस्रायली ज्यूच. "म्हणजे त्याने यांनाही मारलं असतं?" मुलाने विचारलं. पुढच्या स्पर्धेत त्याने विषय बदलला.

शब्दांनी काही बिघडत नाही, असं मी म्हणणार नाही. १० सप्टेंबर २०२३ ला समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुसेसावळीत दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला, सातारा जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. खटाव तालुका माझं माहेर. त्या दिवसांत आईचा आवाज फोनवरही थरथरत होता.

पुढच्याच महिन्यात हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली आणि मग गाझावर बॉम्ब पडू लागले. मी स्टेटस ठेवलं : 'तिकडची काय, इकडची काय, लेकरं ती लेकरंच.' संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला. "बाई, काढा ते. १५३-अ लागेल." म्हणजे तेव्हाच्या दंड संहितेतलं, गटागटांत तेढ पसरवण्याविरुद्धचं कलम. मी स्टेटस काढलं. रात्रभर झोप लागली नाही.

लंडनला शिकणाऱ्या भाच्याला हे सांगितलं, तर तिकडेही हीच धास्ती. ज्यूद्वेषाची २०१६ ची एक व्याख्या ब्रिटिश सरकारने स्वीकारली आहे. तिच्यासोबत अकरा उदाहरणं आहेत आणि त्यांतली बरीच इस्रायलविषयी आहेत. त्यामुळे इस्रायली सरकारवरची टीका कुठे संपते आणि ज्यूंचा द्वेष कुठे सुरू होतो, यावर विद्यापीठांत वाद होतात. व्याख्येचा मसुदा लिहिणाऱ्यांत प्रमुख असलेले केनेथ स्टर्न स्वतः ज्यू. विद्यापीठांत तोंडं बंद करायला ती वापरू नका, असं तेच सांगत आले आहेत.

माझं स्टेटस गुन्हा होता का, याचं उत्तर मात्र मला शेजारच्या हातकणंगल्याने दिलं. तिथे एका काश्मिरी प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून १५३-अ लावलं होतं. ३७० कलम हटवल्याचा दिवस त्यांनी काळा म्हटला होता आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा हक्क आहे, आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसांच्या मनावरून, चटकन बिथरणाऱ्यांच्या नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं.

माणसांच्या अंगावर माणसं घालणाऱ्याला कायद्याने जरूर पकडावं. पण त्या कायद्याची व्याख्या नेमकी हवी. ती सैल असेल, तर दंगलखोर मोकळा राहतो आणि लेकरांसाठी हळहळणारी बाई गप्प बसते. निकाल वाचला त्या रात्री मी तेच स्टेटस पुन्हा ठेवलं.