टाटा मर्सिडीज ३१२ : पातूरच्या एका मालट्रकची पुनर्बांधणी

टाटा मर्सिडीज-बेंझ ३१२ हा भारतात बांधल्या गेलेल्या डिझेल मालट्रकांच्या पहिल्या पिढीतला ट्रक. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे टेल्को, १९४५ साली स्थापन झाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ साली करार संपला, तेव्हा गाडीच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. बोलण्यातले नाव मात्र टिकले. वऱ्हाडातली जुनी माणसे टाटाच्या ट्रकला पुढेही बरीच वर्षे ‘मर्सिडीज’च म्हणत राहिली.

पुनर्बांधणीच्या दृष्टीने या ट्रकची एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे : कारखान्यातून तो पुरा तयार होऊन येत नसे. चासी, इंजिन, चाके, बोनेट, मडगार्ड आणि समोरचा पत्रा एवढेच गिऱ्हाइकाच्या ताब्यात मिळे. उघड्या चासीवर तात्पुरते आसन ठोकून ड्रायव्हर ती गावाकडे आणी आणि केबिन व हौदा तिथले सुतार, लोहार आणि पत्रेवाले बांधत. एकाच महिन्यात जमशेदपूरहून निघालेल्या दोन गाड्या, एक पंजाबात आणि एक अकोल्यात, वर्षभराने शेजारी उभ्या केल्या असत्या तर बोनेट सोडून त्यांच्यात फारसे साम्य दिसले नसते. अशा ट्रकला ‘मूळ रूपात’ आणायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या पुस्तकात सापडत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातला ट्रक १९६२ सालचा. लेखकाच्या वडिलांनी तो १९७४ साली अकोल्यात जुना विकत घेतला आणि पातूरला आणला. पातूर हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अकोल्याच्या दक्षिणेला, वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते सुमारे ३२ किलोमीटरवर आहे, आणि तिथून पुढे घाट लागतो. अकोला-पूर्णा रेल्वे बार्शीटाकळीवरून वाशीमला जाते. पातूर तिच्या वाटेवर नाही. त्यामुळे इथला कापूस आधी बंडीने आणि नंतर ट्रकने, पण नेहमी रस्त्यानेच अकोल्याला गेला. हा ट्रक बावीस हंगाम कापूस वाहत होता. १९९६ साली तो वावरातल्या कोठ्याशेजारी टिनाच्या छपराखाली उभा राहिला आणि पुढची पंचवीस वर्षे तिथून हलला नाही.

उभी गाडी सगळीकडून सारखी कुजत नाही. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी असते. या हवेने पत्रा बऱ्यापैकी वाचवला आणि रबर पार संपवले. टायर, होज, काचेच्या रबरी पट्ट्या, ब्रेकचे वायसर, सगळे बोटाने चुरगळत होते. गंज होता तो पावसाचे पाणी साचलेल्या ठिकाणी : केबिनच्या तळाला, मडगार्डच्या दुमडीत, डिझेलच्या टाकीच्या बुडाशी. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते. हौद्याच्या फळ्यांना वाळवी लागली होती. वरून धड दिसणारी फळी दाबली की आतून मातीच निघे. जाड पोलादाची, रिव्हेटांनी जोडलेली चासी तेवढी शाबूत दिसत होती. इंजिन जाम होते.

पहिला प्रयत्न चुकला. काम स्वस्तात आणि तुकड्यातुकड्यांनी करून घ्यावे म्हणून डायनामो, सेल्फ आणि डिझेल पंप काढून एका छोट्या गॅरेजात दिले. कागदावर काही लिहून घेतले नाही. आठ महिन्यांनी पंप परत आला तो अर्धा, आणि डायनामो दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. त्यानंतर ठरले की काम एकाच कार्यशाळेला द्यायचे, प्रत्येक भागाची यादी करायची आणि प्रत्येक भागाचा फोटो काढायचा. अकोल्यात वाशीम बायपासच्या बाजूला जड वाहनांची कामे चालतात. तिथल्या एका कार्यशाळेने हे काम घेतले. ताबा घेण्यापूर्वी तिथले मोठे मिस्त्री पातूरला येऊन गेले. कुटुंबातल्या सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे होते. मिस्त्री दोन तास गाडीखाली होते आणि बाहेर येऊन त्यांनी एवढेच सांगितले : “पयले चासी धुऊन पाहू द्या भाऊ, मंग इंजिनाचं बोलू.”

त्यांचे बरोबर होते. क्रेनने ट्रेलरवर चढवून गाडी अकोल्याला नेली आणि चासी वाळूच्या फवाऱ्याने उघडी केली, तेव्हा मागच्या कमानीच्या ब्रॅकेटजवळ एक जुनी चीर सापडली. कधीतरी कोणीतरी तिच्यावर पट्टी वेल्ड करून काळा रंग मारला होता. चासीचे पोलाद असे कुठेही वेल्ड केले की जोडाच्या कडेला ते ठिसूळ होते आणि पुढची चीर तिथूनच जाते. पट्टी काढून, चिरेच्या टोकाला भोक पाडून तिची वाढ थांबवली, मग आतून पूर्ण लांबीचा जोडपत्रा रिव्हेट केला. पाटे सुटे करून त्यांतले तुटलेले बदलले. बाकीच्यांना लोहाराकडून पुन्हा कमान दिली. किंगपिन, बुश, हबचे बेअरिंग, ब्रेकचे लायनर ही कामे नेहमीच्या ट्रकसारखीच झाली.

इंजिनाच्या बाबतीत निवड करावी लागली. ३१२ हे नावच मुळात जर्मन इंजिनावरून आलेले : ओएम ३१२, सहा सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक, ४,५८० घनसेंटिमीटर. पण या गाडीत ते इंजिन नव्हते. १९८३ साली घाटात क्रँक गेल्यावर वडिलांनी टाटाचे ६९२ इंजिन बसवले होते. या नावातच त्याचे माप आहे : सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर. पुढे आलेल्या ६९७ चे बोअर त्याच रीतीने ९७ मिलिमीटर. जुन्या इंजिनात डिझेल आधी एका लहान कोठीत फवारले जाई, म्हणून थंडीत सुरू करताना हीटर प्लग तापवावे लागत. ६९२ मध्ये ते थेट पिस्टनवर फवारले जाते आणि हीटर लागत नाही. जुन्या वाहनांच्या काही संग्राहकांनी ओएम ३१२ शोधून बसवण्याचा सल्ला दिला. तो मानला नाही. पातूरच्या लोकांनी ज्या आवाजाने ही गाडी ओळखली तो ६९२ चा होता, आणि त्याचे सुटे भाग अजून मिळतात. हीटरचे बटण मात्र डॅशबोर्डवर होते तिथेच ठेवले आहे. त्याला वायर जोडलेली नाही.

जाम इंजिन जोर लावून फिरवू नये, पिस्टन किंवा रॉड जातो. हेड उतरवून सहाही सिलिंडरांत डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण भरले, तीन आठवडे तसेच ठेवले आणि रोज फ्लायव्हीलला पहारीने थोडा ताण दिला. विसाव्या दिवशी क्रँक दोन बोटे हलला. चार पिस्टन सुटले. बाकीच्या दोन सिलिंडरांत पाणी गेले होते, तिथे रिंगा लायनरला गंजून चिकटल्या होत्या. ते लायनर पिस्टनसकट काढावे लागले. शेवटी सहाही नवे घातले, कारण एका इंजिनात जुने आणि नवे बोअर मिसळले की तेल खाणे थांबत नाही. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजले तेव्हा ते आधीच दोनदा घासलेले निघाले. तिसऱ्यांदा घासून त्या मापाचे बेअरिंग मिळवण्यात दीड महिना गेला.

डिझेल पंपाचे काम तर कार्यशाळासुद्धा स्वतः करत नाही. पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, दोघांमधली जागा अवघ्या काही मायक्रॉनची. म्हणून एका जोडीतला प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये चालत नाही, आणि पंप उघडताना जोड्या मिसळल्या तर पंप संपला. भारतात हे पंप बंगळूरच्या मायको कंपनीमुळे रुळले. १९५१ साली स्थापन झालेल्या या कंपनीने बॉशच्या तंत्राने ते बनवले. हरवलेल्या भागांच्या जागी त्याच जातीच्या दुसऱ्या पंपातल्या पूर्ण जोड्या घातल्या आणि टेस्ट बेंचवर सहाही नळ्यांतून येणारे डिझेल काचेच्या नळकांड्यांत मोजून सारखे केले.

पत्र्याच्या कामात वेळ सर्वांत जास्त गेला. बोनेटचा गोलवा यंत्रावर दाबून आलेला असतो. तो हाताने परत आणायचा तर वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने, एकेका ठोक्याने आणावा लागतो. आजकाल खड्डा लांबी भरून बुजवतात. ती जाड थराने भरली की इंजिनाच्या थरथरीने दोन-तीन वर्षांत तडकते, म्हणून इथे ती फक्त अखेरच्या सफाईपुरती वापरली. पुढच्या जाळीवरचा तारा नव्हता. तो मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात मिळाला.

मडगार्ड घासताना रंगाचे चार थर उघडे पडले : वर पिवळा, त्याखाली मेंदी, त्याखाली लाल, आणि तळाशी कारखान्याचा करडा प्रायमर. कारखान्याचा म्हणता येईल असा रंगच नव्हता, कारण रंग द्यायचे कामही बॉडी बांधणाऱ्याकडे असे. मेंदी हा १९७४ नंतरचा, पातूरचा थर. तोच निवडला. मागच्या फाळक्यावरची अक्षरे जिनिंगच्या पाट्या लिहिण्यात आयुष्य गेलेल्या एका पेंटरने ब्रशने काढली. त्यांत ‘हॉर्न ओके प्लीज’ही आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मालवाहनांवर ही अक्षरे लिहायला बंदी केली. ही गाडी रस्त्यावर धावत नसल्याने आणि जुन्या फोटोत ती अक्षरे स्पष्ट दिसत असल्याने ती ठेवली.

हौदा अकोल्यात बांधायचा विचार सोडून द्यावा लागला. कार्यशाळेने दाखवलेले नमुने विटा-वाळूच्या हौद्यांचे होते, बुटके आणि जड. कापसाची गाडी वेगळी असते. वेचलेला सुटा कापूस वजनाआधी जागा भरतो. कमरेइतक्या हौद्यात तो तुडवून भरला तरी गाडीचे वजन अर्धेही होत नाही. म्हणून कापसाच्या पट्ट्यातले बॉडीवाले बाजू उंच करत, फाळक्यांवर आणखी उंची चढवायला लोखंडी खाचा ठेवत आणि फळ्यांमधल्या फटी इतक्या बारीक ठेवत की बोंड बाहेर येऊ नये. परतीच्या फेरीत खत, सिमेंट, मीठ यायचे. त्या वजनासाठी खालचे आडवे ओंडके मात्र जाडच लागत. एकाच हौद्यात या दोन गरजा बसवण्याची ही कारागिरी होती. तिचा नकाशा कोणी काढून ठेवलेला नाही.

जुन्या हौद्याचे लाकूड वाळवीने खाल्ले होते, पण लोखंड होते. कोनपट्ट्या, बिजागऱ्या, साखळ्यांच्या कड्या आणि त्यांतली बोल्टची भोके यांवरून मापे काढता आली. बंड्या करणारे पातूरकडचे एक वयस्क सुतार आणि त्यांचा मुलगा यांनी हे काम घेतले. साग परतवाड्याच्या लाकूडबाजारातून आणला. आडव्या ओंडक्यांना त्यांनी बाभूळ मागितली. बंडीच्या चाकाला जी बाभूळ लागते तीच, कापून दोन पावसाळे मुरलेली. चासी आणि लाकूड यांच्यामध्ये त्यांनी जुन्या टायरच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे लाकूड लोखंडावर करकरत नाही आणि पाणी धरून ठेवत नाही. कार्यशाळेच्या मिस्त्रींनी हे पाहिले आणि स्वतःच्या पुढच्या कामात उचलले. या दोन कारागिरांनी एकमेकांच्या हाताखालचे काम थांबून पाहणे हा या कामाच्या एकोणीस महिन्यांतला लेखकाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू केले ते केबिन बसवण्यापूर्वी, कारण गळती शोधायला जागा लागते. डिझेल यंत्रणेत हवा राहिली तर इंजिन पेटत नाही. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल चढवले, मग पंपाची, मग एकेका नळीची हवा काढली. नंतर डिझेल बंद ठेवून सेल्फने इंजिन नुसते फिरवले, ऑइलचा काटा वर येईपर्यंत. तेव्हाच डिझेल सोडले. आधी दोन सिलिंडर पेटले, मग पाच. सहाव्याचे नटच सैल होते. पांढरा धूर दहा मिनिटांत निवळला. लेखकाची आई अकोल्यापर्यंत आली होती. आवाज ऐकून तिने मिस्त्रींना विचारले की घाट चढताना ही पूर्वीसारखीच रडेल का.

ती घाट चढणार नाही, कारण कायद्यात तिला जागा नाही. केंद्राने २०२१ साली मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली वाहने, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, धंद्यासाठी वापर बंद. पण ही व्याख्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांच्यापुरती आहे, मालट्रकचा वर्ग तीत नाही. आणि असता तरी ज्या ट्रकची बॉडी मुळातच गावात बांधली गेली आणि इंजिन वाटेत बदलले, त्याला ‘बदल न झालेला’ म्हणायचे कसे, हा प्रश्न उरतोच. ज्या वाहनांनी या प्रदेशाचा कापूस, धान्य आणि खत वाहिले, त्यांना जपण्यासाठी वेगळी तरतूद असायला हवी असे लेखकाला मनापासून वाटते. तोवर गाडी खासगी आवाराबाहेर चालवली जात नाही; पातूरलाही ती ट्रेलरवरच परतली.

आता ती नव्या छपराखाली, फरशीवर उभी असते. चासी ठोकळ्यांवर टेकवली आहे, म्हणजे टायरांवर आणि पाट्यांवर भार राहत नाही. पावसाळा सोडला तर दर पंधरवड्याला इंजिन अर्धा तास चालवतात, पाणी पूर्ण तापेपर्यंत. त्याहून कमी चालवले तर आत ओल धरते. डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली ठेवतात, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊन बुडाशी पुन्हा गंज धरतो. पावसाळ्याआधी हौद्याच्या फळ्यांना खालून जवसाचे तेल देतात, वाळवीसाठी ठोकळ्यांभोवती पाहणी करतात आणि बॅटरी काढून घरात ठेवतात. दसऱ्याला पूजेच्या दिवशी ती परत जोडली जाते.