वेगाचा आकडा

जुना लॅपटॉप विकत घेणारा माणूस बहुधा काटकसरीने साठवलेले पैसे मोजत असतो. त्यामुळे १.६ गिगाहर्ट्‌झचा म्हणून घेतलेल्या यंत्रावर लिनक्सने ६०० मेगाहर्ट्‌झ हा आकडा दाखवला, की त्याचा पहिला संशय विक्रेत्यावर जातो आणि दुसरा लिनक्सवर. पुष्कळदा हे दोघेही निर्दोष असतात.

प्रोसेसर हा संगणकाचा आकडेमोड करणारा भाग. त्याचे काम ठरावीक ठोक्यांवर चालते आणि सेकंदाला किती ठोके पडतात यावरून त्याचा वेग सांगतात. एक मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे त्याच्या हजारपट. लॅपटॉपला बॅटरी पुरवून वापरावी लागते, म्हणून काम नसताना हे ठोके मंद करण्याची सोय त्यात असते. इंटेल कंपनीने २००३ मध्ये आणलेला १.६ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम एम विसाव्याच्या वेळी नेमका ६०० मेगाहर्ट्‌झपर्यंत उतरत असे. झोपलेल्या पहिलवानाची नाडी पाहून त्याला दुबळा ठरवावे, तसाच हा प्रकार.

शहानिशा करणे अवघड नाही. लिनक्समधील ‘प्रॉक’ या फोल्डरात ‘सीपीयूइन्फो’ नावाची फाइल असते. खरे तर ती डिस्कवर नसतेच. कोणी वाचायला घेतली, की लिनक्स ती त्या क्षणी लिहून देते. इंटेलच्या अनेक जुन्या प्रोसेसरांच्या बाबतीत तीत नावापुढेच कारखान्याने ठरवलेला वेग आढळतो आणि खालच्या एका ओळीत त्या क्षणाचा. तेथेच ‘बोगोमिप्स’ हाही एक आकडा असतो. त्याच्या नावातच ‘बोगस’ हा शब्द दडलेला आहे, तेव्हा तो सोडून द्यावा. मग चित्रफितीचे रूपांतर करण्यासारखे एखादे जड काम सुरू करून ती खालची ओळ पुन्हा वाचावी. आकडा वर चढला, तर विक्रेत्याचे बोलणे खरे होते.

आकडा चढलाच नाही, तर आधी लिनक्सचा ‘गव्हर्नर’ पाहावा. वेग केव्हा वाढवायचा, हे तो ठरवतो. काही यंत्रांवर तो ‘पॉवरसेव्ह’वर ठेवलेला असला, की वेग तळालाच राहतो. त्यानंतर चार्जर. काही लॅपटॉप अनोळखी चार्जर जोडल्यास वेग मुद्दाम रोखून धरतात. पंख्यात धूळ साचली, तर तापलेला प्रोसेसरही स्वतःला आवरतो.

मात्र नावाच्या ओळीतच कमी वेग लिहिलेला असेल, तर पावती शोधून दुकानाची वाट धरावी.