हसताना तोंडावर हात कशाला?

दोस्तांनो, आरशासमोर उभे राहा. दाढांवर दाढा टेकवा आणि ओठ बाजूला करा. डब्यावर झाकण बसावं तसे वरचे दात खालच्या दातांना किंचित झाकतात ना? छान! झाकत नसतील तरी घाबरू नका.

जालन्यात शाळेत असताना माझे पुढचे दात ओठांबाहेर डोकावायचे. मुलं 'फावड्या' म्हणायची, म्हणून मी हसणंच टाळायचो. पण दात वाकडे येणं हा काही गुन्हा नव्हे, बरं का! जबडा लहान नि दात मोठे, अंगठा चोखायची सवय, किडून लवकर पडलेला दुधाचा दात, अशी त्याची कारणं असतात.

दात खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला नसतो. तारेचा हलका दाब सतत राहिला, की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात हळूहळू सरकतो. आपलं जालना पोलादी सळयांसाठी प्रसिद्ध. दातांची तारही बहुधा पोलादाचीच! मात्र घाई चालत नाही. साधारण दीड-दोन वर्षं लागतात. नंतर दात मागे फिरू नयेत म्हणून रिटेनर लावावा लागतो.

पालकांनो, मूल ७ वर्षांचं झालं की दात एकदा तपासून घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात यासाठी वेगळा विभाग आहे.

आणि दोस्तांनो, वर्गात कुणाच्या दातांवर तार दिसली, तर चिडवू नका. त्याला खुशाल हसू द्या!