धांवफलक

वयाची पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें आपल्या मतांचा फारसा तोरा मिरवूं नये, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. मतें खोटीं ठरतात म्हणून नव्हे. तर अगदीं खरें मतही घरच्या माणसासमोर उच्चारण्याची वेळ आली म्हणजे जीभ अडखळते, म्हणून. असा एक प्रसंग २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत आमच्यावर आला. इतके दिवस तो आम्हीं मनांतच ठेवला होता.

करोनाची दुसरी लाट तेव्हां ऐन भरांत होती. १४ एप्रिलच्या रात्रीं आठ वाजल्यापासून महाराष्ट्रांत कडक निर्बंध सुरू झाले आणि आमच्या उरणची बाजारपेठ ओस पडली. कॉलेजला कुलूप होतें. शेक्सपिअर आम्ही मोबाईलच्या पडद्यावर, विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांऐवजीं त्यांच्या नांवांच्या आद्याक्षरांना, शिकवीत होतों. अशा वेळीं समुद्रापलीकडे, मुंबईच्या वानखेडे मैदानावर, इंडियन प्रीमियर लीगचे दहा सामने १० ते २५ एप्रिल या अवधींत व्हावयाचे होते. स्पर्धेचें नांव इंडियन. परंतु खेळाडू ऑस्ट्रेलियापासून वेस्ट इंडीजपर्यंतचे. मैदानाच्या आसपास राहणाऱ्या कांहीं नागरिकांनीं हे सामने अन्यत्र न्यावेत असें मुख्यमंत्र्यांस लिहून कळविलें. सरकारनें प्रेक्षकांवांचून खेळण्याची मुभा दिली.

आम्ही अर्थातच विरोधकांच्या पक्षाचे. आदल्या वर्षीं, २०२० सालीं, संतांच्या पादुका पायीं न जातां एस. टी.च्या गाडींतून पंढरपुरास गेल्या होत्या. लालबागच्या मंडळानें त्या वर्षीं गणपति न बसवितां रक्तदानाचें शिबिर भरविलें होतें. विठोबानें आणि गणपतीनें जो नियम मुकाट्यानें पाळला, तो चेंडूफळीला कां नसावा? या युक्तिवादावर आम्ही स्वतःच इतके खूष झालों कीं, एका वृत्तपत्रासाठीं आम्हीं पत्र लिहावयास घेतलें. त्यांतील वाक्यें तीन वेळां घोटलीं. शेवटचें वाक्य असें होतें: ‘गांवोगांवीं सरणें पेटलीं असतां जो घरांत बसून हे सामने पाहतो, त्यास लाज वाटली पाहिजे.’

हें पत्र टपालांत पडण्यापूर्वींच आमचे थोरले बंधु तापानें अंथरुणास खिळले.

दादांचें वय तेव्हां चौसष्ट. तरुणपणीं भातकापणी झालेल्या शेतांत त्यांनीं पुष्कळ गोलंदाजी केली आहे. त्यांच्या तपासणीचा निकाल यावयास चार दिवस लागले. उरण, पनवेल, नवी मुंबई मिळून अकरा ठिकाणीं आम्हीं दूरध्वनि केले. खाट कोठेंच नव्हती. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्यानें मागील दारच्या खोलींत उपचार सुरू झाले. दादांनीं पालथें निजावें, दर दोन तासांनीं बोटाला तें लहानसें यंत्र लावून प्राणवायूचा आंकडा सांगावा, आणि आम्हीं उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून तो वहींत टिपावा, असा क्रम ठरला.

पहिल्याच सायंकाळीं दादांनीं आंतून विचारलें, “आज कोणाची मॅच आहे रे?”

आम्हीं सांगितलें.

“मला त्या पडद्याकडे बघवत नाही. डोकं ठणकतं. तू स्कोअर सांगत जा.”

अशा रीतीनें त्या स्पर्धेचा एक कडवा विरोधक तिचा समालोचक बनला. संयोजकांचें म्हणणें असें होतें कीं, घरांत कोंडलेल्या लोकांना या सामन्यांनीं घटकाभर विरंगुळा मिळतो. हें म्हणणें पैशाच्या लोभावर घातलेलें पांघरूण आहे, असें आम्हीं पत्रांत लिहिलें होतें. आतां त्या पांघरुणाखालीं आमचेच बंधु निजले होते. तेव्हां तें ओढून काढण्याचें धैर्य आम्हांस होईना.

२१ एप्रिलचा दिवस आम्ही विसरणार नाहीं. त्या दिवशीं नाशिकच्या एका रुग्णालयांत प्राणवायूच्या टांकीस गळती लागली आणि पुरवठा तुटून २२ रुग्ण दगावल्याचें वृत्त आलें. त्याच सायंकाळीं वानखेडेवर चेन्नईच्या संघानें २२० धांवा केल्या. आमच्या वहींत दादांचा आंकडा ९० वर आला होता. उत्तरादाखल खेळणाऱ्या कोलकात्याचे पांच गडी ३१ धांवांत तंबूंत परतले. पुढें पॅट कमिन्स हा ऑस्ट्रेलियन गोलंदाज फलंदाजीस येऊन असा कांहीं तडाखे देऊं लागला कीं, सांगतां सांगतां आमचाही आवाज चढला. नाशिकची वार्ता आम्हीं मुद्दाम सांगितली नव्हती. परंतु फोनवर कोणीतरी ती त्यांच्या कानीं घातली होती.

“नाशिकचं कळलं मला,” दादा म्हणाले. पुष्कळ वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकूं येत होता. मग त्यांनीं विचारलें, “या खेळाडूंची तपासणी किती दिवसांनी होते रे?”

“वरचेवर होते, दादा.”

“आणि निकाल?”

आम्ही निरुत्तर झालों.

“माझा चौथ्या दिवशी आला,” ते म्हणाले. “खेळणाऱ्या पोरांचा दोष नाही म्हणा. पुढं सांग. कमिन्स आहे का अजून?”

आमच्या पानभर पत्रांत जें साधलें नव्हतें तें या चार शब्दांत आलें होतें. पांचच दिवसांनीं, २६ एप्रिलला, त्या कमिन्सनें भारतांतील प्राणवायूच्या पुरवठ्यासाठीं पन्नास हजार डॉलरांची देणगी जाहीर केली, तेव्हां पोरांचा दोष नाहीं हें दादांचें बोलणेंही आम्हांस पटलें. त्याच सुमारास न्यू इंडियन एक्स्प्रेस या दैनिकानें स्पर्धेच्या बातम्या छापणें बंद केलें. तरीही सामने चाललेच. ३ मे रोजीं कोलकात्याच्या दोन खेळाडूंना लागण झाल्याचें उघड झालें आणि ४ मे रोजीं, २९ सामने झाल्यावर, स्पर्धा थांबली. उरलेले ३१ सप्टेंबर-ऑक्टोबरांत संयुक्त अरब अमिरातींत झाले.

दादा तोंवर उठून बसूं लागले होते. बातमी ऐकून ते म्हणाले, “थांबवली ते बरं झालं. पण कोणाला झाल्यावर थांबवली, ते बघ.”

त्याच वर्षीं जपानांतही हाच वाद रंगला. तेथील बहुसंख्य लोक त्या उन्हाळ्यांत ऑलिंपिक भरविण्याच्या विरुद्ध असल्याचें लोकमताच्या चांचण्यांतून दिसत होतें. असाही शिंबुन या वृत्तपत्रानें, स्वतः त्या सोहळ्याचें अर्थसाह्यकर्ते असूनही, २६ मे रोजीं अग्रलेख लिहून तो रद्द करण्याची मागणी केली. तरी टोकियोंत रिकाम्या आसनांपुढें खेळ झाले. ७ ऑगस्टला नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरांवर पडला, तेव्हां दादा आणि आम्ही दोघेही खुर्चींतून उठून टाळ्या वाजवीत होतों. परंतु त्या टाळ्यांनीं जपानी लोकांच्या प्रश्नाचें उत्तर दिलें गेलें, असें मात्र आम्हांस वाटलें नाहीं.

तें पत्र आम्हीं पाठविलें नाहीं. ज्या स्पर्धेचा धांवफलक रोज रात्रीं आम्हांस घरांतच हवा होता, तिच्याविरुद्ध लेखणी उगारण्याची लाज वाटली. आज वाटतें, ती लाज अनाठायीं होती. करमणूक मागणारा आजारी मनुष्य दोषी नव्हता, म्हणून एकास वरचेवर तपासणी आणि दुसऱ्यास चार दिवसांची प्रतीक्षा, हा व्यवहार निर्दोष ठरत नाहीं. परवां खण आवरतांना पत्र हातीं लागलें. त्यांतील शेवटचें वाक्य आम्हीं खोडलें. बाकीचें दादांना वाचून दाखविलें.

ते म्हणाले, “बरोबर आहे. तेव्हांच धाडायचंस.”