उलुरू : न चढता पाहिलेला लाल खडक

डोंगर दिसला की माथा गाठायचा, ही आपली सवय. पण वाचकहो, मी साता समुद्रापलीकडे जाऊन एक डोंगर पाहिला, आणि न चढताच परत आलो. त्याची ही हकिकत.

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर लाल मातीचे वाळवंट आहे. चहूबाजूंना सपाट माळ आणि मध्येच ३४८ मीटर उंचीचा अखंड खडक. त्याचे नाव उलुरू. मुलगी मेलबर्नला नर्स आहे, म्हणून एसटीतून निवृत्त झालेल्या मला हे बघायला मिळाले.

जुलै म्हणजे तिकडची थंडी. पहाटे कानटोपी घालूनही दात वाजत होते. दिवस वर आला तसा खडक आधी जांभळा, मग तांबडा, मग विस्तवासारखा दिसू लागला. हा रंग गंजाचा. दगडातल्या लोखंडाला हवापाणी लागून वरचा थर लाल झाला आहे. आतला दगड राखाडीच आहे.

पायथ्याची फेरी १०.६ किलोमीटरची. वाट सपाट, तरी माझे गुडघे कुरकुरत होते. थांबत थांबत चाललो. लांबून गुळगुळीत वाटणाऱ्या खडकाला जवळून गुहा, घळी आणि पावसाच्या ओघळांच्या काळ्या रेघा दिसतात. मुटिजुलू नावाच्या पाणवठ्यापाशी गर्द सावली आहे. जवळच्या गुहांत जुनी चित्रे आहेत.

एका बाजूला खडकावर वर जाणारी फिकट रेघ दिसली. दहा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, इथून लोक चढायचे ना? मग आपण का नाही?"

तिला बसवून सांगितले. इथले मूळ रहिवासी अनंगू. हजारो वर्षे ही भूमी त्यांची. १८७३ साली एक गोरा प्रवासी आला आणि त्याने एका साहेबाचे नाव खडकाला देऊन टाकले : एअर्स रॉक. माझ्या आजोबांचे नावही गावाने कधी धड उच्चारले नाही, त्यामुळे हे मला लगेच कळले. १९६४ मध्ये चढण्यासाठी साखळी ठोकली गेली. अनंगूंसाठी ती जागा पवित्र. ते स्वतः चढत नाहीत. वर्षानुवर्षांत पस्तीसहून अधिक पाहुणे चढताना दगावले, त्याचेही दुःख त्यांनाच.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. उद्यानासाठी ती त्यांनी सरकारला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. तरी चढणे थांबले नाही. कृपा करून चढू नका, अशी विनंतीची पाटी त्यांनी लावली; ती वाचूनही लोक चढत राहिले. अखेर २०१७ मध्ये उद्यानाच्या मंडळाने एकमताने ठरवले आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. मालक होऊनही चौतीस वर्षे वाट पाहावी लागली!

पुढे एका कपारीपाशी मी मोबाईल वर केला. नातीने हात धरला. "आजोबा, पाटी वाचा. इथे फोटो काढायचा नाही." मघाशी मीच तिला शिकवत होतो! शरमेने मोबाईल खिशात टाकला.

घरी परतल्यावर शेजाऱ्यांचा पहिलाच प्रश्न, "वर गेला होतात का?" "नाही," मी म्हणालो. "घरधनी नको म्हणतो, तिथे पाहुण्याने शिरू नये."